तांबोशीसमोर हळू बोल

आई,

गेल्या रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, अंधेरीच्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, पाण्यात पोहणाऱ्या तांबोशीसमोर आणि वीसेक अनोळखी माणसांच्या देखत माझ्या सुनेने मला ऐकवलं, "आई, तुम्हाला कुठे न्यायची सोय नाही." वार, वेळ, ठिकाण आधी लिहायची मला सवय आहे. विमा कंपनीच्या तक्रार विभागात मी अख्खी नोकरी काढली, आणि ज्या तक्रारीत कधी, कुठे, कोणासमोर हे नसेल ती आम्ही परत पाठवायचो. तुझ्याकडे अर्धवट कागद नको. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या सुनेने तुला फक्त फोटोत पाहिलंय, आणि माझी सहा वर्षांची नात त्या फोटोला 'रागावलेली पणजी' म्हणते. तरीही ही तक्रार तुझ्याच नावावर येणार, कारण मासा ओळखायला मला तू शिकवलंस, आणि मासा ओळखता येतो एवढाच माझा गुन्हा आहे.

मत्स्यालयाची कल्पना माझ्या मुलाची. हल्ली मुलांना अनुभव द्यायचे असतात. आम्ही तुम्हाला अनुभव दिले नाहीत, ते तुम्हाला आपोआप आले, असं मी म्हणून पाहिलं, पण तो मोबाइलवर तिकिटं काढत होता. मी म्हटलं, मुलांना मासेच दाखवायचे तर सकाळी आपल्या घाटकोपरच्या बाजारात ने, दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. तो म्हणाला, "अगं आई, तिथे ते मेलेले असतात." मी म्हटलं, "मग काय झालं? उलट नीट बघता येतात, हलत नाहीत." सून हसली. ती अकोल्याची, लग्न होईपर्यंत तिने नदीतल्या माशाशिवाय मासा खाल्ला नव्हता, आता माझ्या हातचं माशाचं सार दोनदा वाढून घेते. ती हसली हे मी मुद्दाम नोंदवते आहे, म्हणजे मी एकतर्फी लिहितेय असं तुला म्हणता येणार नाही.

घाटकोपरहून अंधेरीला आता मेट्रोने चुटकीसरशी जाता येतं, पण तीन वर्षांच्या नातवाची ढकलगाडी, पिशव्या, बाटल्या, म्हणून गाडीने जायचं ठरलं. साकीनाक्याला गाडी उभी राहिली ती राहिलीच. नातवाला शू लागली. सून म्हणाली थांब, मुलगा म्हणाला थांब, मी म्हटलं त्याला थांबायला सांगून काय उपयोग, बाटली द्या. बाटली दिली. ती बाटली कोणाची होती हे नंतर, मला तहान लागल्यावर, कळलं. मॉलमध्ये पोचलो तर दारातच पुठ्ठ्याचा शार्क, त्याच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढायचा, नाहीतर तिथली पोरं पुढे सोडत नाहीत. मी साफ नाही म्हटलं. म्हटलं, मी आयुष्यभर मोरीचं मटण खाल्लंय, आता त्याच्या तोंडात डोकं घालायला मी जाणार नाही. फोटो काढणाऱ्या मुलाला मोरी म्हणजे शार्क हे समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, "आँटी, शार्क खाते हो?" आणि दोन पावलं मागे सरकला. नात मात्र खूश झाली. तिने त्याला सांगितलं, "माझी आजी शार्कपेक्षा डेंजर आहे." तोवर आमचं असं बरं चाललं होतं.

आत थंडी, निळा अंधार आणि दवाखान्यात लावतात तसलं संगीत. टाक्यांमागून टाक्या. पट्ट्यापट्ट्यांचे, लोंबत्या परांचे, पिवळे, जांभळे मासे, सगळे परदेशातून आणलेले, आणि प्रत्येकाखाली पडदा, तो बोटाने दाबला की इंग्रजीत माहिती. नातवाला मासे नको होते, त्याला सरकता जिना हवा होता. मुलगा व्हिडिओ काढत होता. सून नातीला वाचून दाखवत होती. मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि त्या माशांपैकी एकाचीही माझी ओळख नव्हती, म्हणून मी बाकावर बसत, उठत, बसत मागून चालले होते. असं करत शेवटच्या दालनात आलो. तिथे 'आपला अरबी समुद्र' अशी पाटी. आणि तिच्याखालच्या मोठ्या टाकीत, आई, आपली माणसं. गोब्रा होता तोंड वाकडं करून तळाशी बसलेला. पाकट होती. कपारीत मिश्या हलवत शेवंड होती. आणि सगळ्यांच्या पुढे तांबोशी, चांगली हातभर.

साठ वर्षं मी तिला ओळखते. पाटीवर बर्फात आडवी पडलेली, एक डोळा वर, तोंड किंचित उघडं. तू मला पिशवी धरायला न्यायचीस आणि कोळणीसमोर उकिडवी बसायला लावायचीस. "डोळो बघ, डोळो. कल्लो उघड." मी बोटाने कल्ला वर करायचे, आतलं लाल बघायचे, पोटावर दाबून बोट उठतं का बघायचे. मग तू कोळणीला म्हणायचीस, "ह्या आमच्या चेडवाक इचार, ताजो नाय म्हणताहा," आणि सगळं माझ्यावर ढकलून भाव करायचीस. पण इतक्या वर्षांत मी तांबोशी जिवंत कधी पाहिली नव्हती. तिचा रंग आपण समजतो तो नसतोच. पाण्यात ती वळली की पाठीवरून गुलाबी काहीतरी सरकत जातं, ते बाजारात येईपर्यंत विझून गेलेलं असतं. ती काचेजवळ आली आणि कल्ले स्वतःच उघडायला मिटायला लागली. माझं बोट वर उठलं. खरंच उठलं. आत लाल आहे का ते बघायला.

तेवढ्यात तिथली मुलगी आली, कॉलेजातली असेल, निळा टी-शर्ट, हातात माइक. तिने मुलं गोळा केली. "हाय फ्रेंड्स! ये जो रेड स्नॅपर है ना, इसको क्या पसंद है? कौन बताएगा?" मुलं ओरडायला लागली, चिप्स, नूडल्स, चॉकलेट. मी हात वर केला. प्रश्न विचारला की हात वर करायचा आणि उत्तर द्यायचं, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्या हाडात घातलंय, आणि मला त्या शाळेत तू घातलंस. मुलगी माझ्याकडे आली, माइक माझ्या तोंडासमोर धरला. मी म्हटलं, "तिरफळ."

"वाव! आँटी कहती हैं तिरफळ! वो क्या होता है आँटी, सी-वीड?"

"नाही गं बाई, मसाला. ओल्या खोबऱ्याच्या वाटणात टाकायचा, वरून चार आमसुलं."

मागून एक टक्कल पडलेला माणूस, खांद्यावर पोर बसवलेला, म्हणाला, "मावशी, तांबोशीला तिरफळ? ते बांगड्याला! तिचा वास मारून टाकाल तुम्ही."

"तुम्ही कुठले?"

"देवगडचे."

"मग बरोबर आहे."

"मग बरोबर आहे म्हणजे काय?"

"अहो, तुम्ही कशाला मध्ये पडता?" त्याची बायको म्हणाली. "कधी चहा तरी केलाय का घरात?"

तोवर वेसाव्याची एक कोळीण, नातवंडं घेऊन आलेली, हातभर सोन्याच्या बांगड्या, काचेला नाक लावून तांबोशी न्याहाळत होती. ती न वळताच म्हणाली, "खोबरं-बिबरं नको ताई. कालवण करायचं. लसूण ठेचायचा, आमचा मसाला, चिंचेचा कोळ. आणि हिचं डोकं फेकू नका हां."

"डोकं कोण फेकतंय!" मी, देवगडवाला आणि त्याची बायको, तिघं एकदम म्हणालो.

आई, कित्येक दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरात मला कोणी विचारत नाही अशातला भाग नाही, पण विचारतात ते गोळी घेतली का, दार लावलं का. इथे चार माणसं माझ्याशी भांडत होती, ती माहितीवर. (तिरफळाबाबत देवगडवाला बरोबर होता. मी तेव्हाही जाणून होते. पण देवगडसमोर माघार घ्यायची पद्धत आपल्यात नाही.) मग तुकडे किती जाड करायचे यावर आलो, आणि त्या मुलीचा माइक अजून माझ्या तोंडासमोर आहे हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. "बोटाएवढे जाड, नाहीतर तव्याला चिकटतात," हे माझं वाक्य म्हणे तिकीट खिडकीपर्यंत ऐकू गेलं. पुढचा एक छोटा मुलगा आईला विचारता झाला, "मम्मा, ये आँटी इस फिश को काटेगी?" आणि त्याने भोकाड पसरलं. एकाने पसरलं की बाकीच्यांना काय, त्यांना मासा कळायची गरज नसते. सात-आठ पोरं रडायला लागली. माइकवाली मुलगी "आँटी, प्लीज, आँटी" करत माझ्या हातातून माइक ओढायला लागली, तो मी केव्हा हातात घेतला हे मलाही कळलं नव्हतं.

नात रडली नाही. ती गर्दीतून पुढे गेली आणि तांबोशीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, काचेवर, तिने आपले तळहात ठेवले. मासा सरकला की ती हात सरकवत होती. मग वळून मला म्हणाली, "आजी, हळू बोल. तिला ऐकू येतंय."

त्यानंतर टाय लावलेला एक माणूस आला आणि म्हणाला, मॅडम, जरा पुढे चला. आणि त्यानंतर सुनेने ते वाक्य म्हटलं, ज्याची तक्रार मी वर केली आहे. माझा मुलगा बाजूला उभा राहून मोबाइलमध्ये बघत होता. कोळीण मात्र जाताना माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "जाऊ द्या ताई. पोरींना मासा पण पायजे आणि मासा नको पण पायजे." नात पूर्ण दालन संपेपर्यंत माझा हात धरायला आली नाही.

आता पुढचं ऐक. तिथून आम्ही वरच्या मजल्यावर जेवायला गेलो. मुलांना काय, तर फिश फिंगर. सुनेने मागवले. पिवळ्या रंगाच्या कांड्या, डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही, डोळा तर नाहीच. नातीने सॉसमध्ये बुडवून चार खाल्ल्या. मी एक शब्द बोलले नाही, हेही नोंदव. बोटासारखा मासा चालतो, माशासारखा मासा चालत नाही. मी माझं सँडविच खाल्लं आणि परतताना साकीनाक्याला पुन्हा अडकलो तेव्हाही गप्प बसले.

सोमवारी दुपारी नात शाळेतून माझ्याकडे आली. ती अडीच वर्षांची होती तेव्हापासून दुपार माझ्याकडे. मुलगा आणि सून दोन गल्ल्या सोडून राहतात, दोघं ऑफिसात. ती येते, दप्तर टाकते, ओट्याशेजारच्या स्टुलावर चढते, आणि मी तिच्या ताटात भाताच्या बाजूला मासा ठेवून काटे काढत बसते. ती बोलते, मी काटे काढते. सगळ्या शाळेची बातमी मला त्या वेळात मिळते. हे गेल्यापासून माझ्या दिवसाला आकार आहे तो त्या दुपारींमुळे. सोमवारी ती स्टुलावर चढली, पातेल्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाली, "आजी, ह्यात कोण आहे?"

काय आहे नाही. कोण आहे.

मी म्हटलं, डाळ. ती म्हणाली, "फक्त डाळ?" मी म्हटलं, फक्त डाळ. ताटात वाढल्यावर तिने चमच्याने तळ ढवळून पाहिला. आणि मला राग आला. तिचा नाही. रविवारचा राग शिल्लक होता तो वर आला, आणि माझ्या तोंडून तुझं वाक्य गेलं. तुला आठवत असेल किंवा नसेल. मी पाचवीत होते, सिस्टरांनी वर्गातल्या काचेच्या भांड्यातला सोनेरी मासा नाताळच्या सुट्टीत माझ्याकडे सांभाळायला दिला होता. अख्ख्या वर्गातून मला. मी ते भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून शाळेपासून घरापर्यंत चालत आणलं. तू बघितलंस आणि म्हणालीस, "ह्यो एका घासाक तरी पुरतलो काय?" नळाला पाणी दोन तास, त्यातलं भांडंभर ह्या माशाला, म्हणून तू रोज बडबडलीस आणि रोज स्वतःच पाणी बदललंस. सुट्टी संपायच्या आत तो उताणा तरंगला. मी रडत होते, जेवायला येत नव्हते. तू त्याला तळहातावर घेतलंस, सवयीने त्याचा डोळा पाहिलास, आणि मला म्हणालीस, "रडतंस कित्याक? काल बांगडो खाल्लंस तेवा रडलंस काय?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही. पुढे आयुष्यभर ते वाक्य मी लोकांवर वापरलं, आणि कोणालाच आलं नाही. ऑफिसात एक शाकाहारी साहेब होते, चामड्याचे बूट घालून मला उपदेश करायचे, त्यांना नाही आलं. सोमवारी मी ते नातीवर वापरलं. म्हटलं, "काल फिश फिंगर खाल्लंस तेव्हा विचारलंस का, कोण आहे म्हणून?"

तिचा चमचा थांबला. "तो मासा होता?"

"मग फिश म्हणजे काय?"

"ते नाव आहे," ती म्हणाली. मग डाळ ढवळत, "मम्माला माहीत होतं?"

मला खोटं बोलता येत नाही. ती सवयही शाळेतच मोडली. मी म्हटलं, हो. तिने डाळभात संपवला, हात धुतले आणि खिडकीत जाऊन बसली. शाळेची एकही बातमी नाही. मंगळवारी आली तेव्हाही तसंच, दहीभात आणि खिडकी.

बुधवारी सुनेचा फोन आला. "आई, तिने डब्यातलं अंडं परत आणलं. ह्याची आई कुठे आहे म्हणून विचारते. काल रात्री मला म्हणाली, तू मला फसवलंस. तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"खरं ते."

"सगळंच खरं सहा वर्षांच्या मुलीला सांगायचं नसतं, आई."

"मग किती सांगायचं ते तू मला सांगून ठेव. मी तेवढंच सांगेन."

तिचा आवाज बदलला, भांडणाचा गेला, ऑफिसचा आला. म्हणाली, थोडे दिवस तिला शाळेजवळच्या पाळणाघरात ठेवून बघतो, तिथे सगळी मुलं एकत्र जेवतात, ती खाईल तरी. शनिवारी पाच वाजता आम्ही येतो, बसून बोलू. आई, मला तिचं वाईट वाटलं, हेही लिहिते. मुलीने तोंडावर फसवलंस म्हणणं काही सोपं नसतं. पण 'थोडे दिवस' म्हणजे काय हे मला शिकवू नका म्हणावं. मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना 'थोडे दिवस' लिहून पाठवलेत. एकदा कागद दुसऱ्या टेबलावर गेला की तो पहिल्या टेबलावर परत येत नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, सॉरी म्हणून टाक ना, यार. विषय संपेल."

"कोणाला म्हणू? तुझ्या बायकोला, लेकीला, की माशाला?"

"बघ, हे असं बोलतेस आणि मग—"

"मग काय? कुठे न्यायची सोय नाही?"

तो म्हणाला, शनिवारी बोलू. तो वडिलांवर गेलाय. सगळं शनिवारी बोलतात.

काल गुरुवार. एक वाजला, दीड वाजला. मी दोन माणसांचं जेवण केलं होतं, हात चुकला. स्टूल ओट्याशेजारी. मी तिथे उभ्याने जेवत होते आणि नातीचं ते वाक्य काही डोक्यातून जात नव्हतं, हळू बोल, तिला ऐकू येतंय. माशाला ऐकू येतं का, हे मला मोबाइलवर बघता येईल, इतकी मी मागासलेली नाही. तो माझा प्रश्नच नाही. काल मला एकदम तू दिसलीस, आणि तू गप्प होतीस.

तू कधी गप्प असायचीस? झोपेत बोलायचीस. पूजेत देवाला सोडून शेजारणीशी बोलायचीस. नळावर तर तुझा आवाज खालच्या मजल्यावर जायचा. पण स्वयंपाकघरात, विळीवर बसलेली, पुढ्यात वर्तमानपत्र, मासा निसटू नये म्हणून बोटांना राख, तिथे तू बोलत नव्हतीस. मासा हातात घेतलास की ओठ मिटायचे, ते शेवटचा तुकडा पातेल्यात पडेपर्यंत. दारात कोणी उभं राहून हाक मारली तरी ओ नाही. समोरची बाई त्यावरून तुझ्यावर महिनाभर रुसली होती. दादा गिरणीतून येऊन खाटेवर बसलेले असायचे, ते म्हणायचे, "देवासमोर ही गप्प बसत नाही, बांगड्यासमोर बसते." तू तेव्हाही उत्तर द्यायची नाहीस. तुकडे धुवून मीठ लावलंस की मग मागचं सगळं एकदम, दादांना, त्या बाईला आणि मला. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तुझ्या पाठीशी उभी राहून काहीतरी बडबडत होते, शाळेतलं गाणं असेल. तू शेवटच्या तुकड्यानंतर वळलीस. "कापताना बोलूचा नाय." मी विचारलं, का? तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ. मग म्हणालीस, "तू गप रव."

तेव्हा मी गप्प राहिले. आता राहणार नाही. का बोलायचं नाही, आई? बोट कापेल म्हणून? एवढंच असेल तर एवढंच लिही, मला काही वाटणार नाही. तुझ्या सासूने सांगितलं म्हणून? तेही चालेल. की तुलाही वाटायचं, की ती ऐकते? तोंडाने ज्याला हसायचीस त्या सोनेरी माशाचं पाणी रोज बदलणारी बाई तू, तुझं काही सांगता येत नाही. सिस्टर आम्हाला जेवणाआधी हात जोडून देवाचे आभार मानायला लावायच्या. ताटातल्याशी कोणी बोलत नव्हतं, त्याच्यासमोर गप्पही राहत नव्हतं. तू राहायचीस.

मला हे उत्तर हौसेसाठी नको आहे. शनिवारी नात येणार आहे. पाळणाघराचं काय ते तिच्यासमोर ठरणार, आणि ती ज्या घरात खोटं सांगितलं जातं तिथे जेवत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. मासे खाऊ नको म्हणून मी तिला सांगणार नाही, खा म्हणूनही नाही. पण ती विचारेल की आजी, तुला तिचं काहीच वाटलं नाही का, आणि तेव्हा मला सांगता आलं पाहिजे, की ह्या घरात मासा खातात आणि त्याच्यासमोर हळूही बोलतात, तुझी ती रागावलेली पणजी तर तोंडच उघडत नसे. पण ते खरं असलं तरच. बनवून सांगितलं तर तिला कळेल. ती ढवळून बघते.

आज सकाळी मी बाजारात गेले. लहानशी तांबोशी घेतली. कोळीण म्हणाली, द्या कापून देते, मी नाही म्हटलं. गुडघे दुखतात म्हणून कित्येक वर्षं मी कापूनच आणते, पण आज विळी काढली, पेपर पसरला आणि खाली बसले. तुला माहीत नसेल, मी एकटी असले की घरात सारखी बोलत असते. गॅसशी, टीव्हीवरच्या बायकांशी, तुझ्या फोटोशी, सगळ्यांना सुनावत असते. आज मासा हातात घेतला आणि शेवटचा तुकडा पातेल्यात पडेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तसं ठरवलं नव्हतं. डोळे भरून आले वगैरे काही नाही, उगाच तसं समजू नकोस. नुसतं बोलवेना, आणि का ते मला सांगता येत नाही.

हे पत्र पेटीत टाकण्याइतकी मी वेडी नाही. विळी ठेवते त्या खणात ठेवते आहे, तू कुठे आलीस तर तिथेच येशील. ते पाचला यायचेत. तेव्हा उत्तर उद्या, शनिवारी, दुपारी चारच्या आत, आणि लेखी. स्वप्नात येऊन सांगितलेलं धरलं जाणार नाही. तोंडी सांगायला तुला सगळा जन्म होता.